जुना मोटार ब्रँड कात टाकतो म्हणजे नेमकं काय करतो?

नोव्हेंबर २०२४ मध्ये जग्वारने अर्ध्या मिनिटाची एक फिल्म प्रसिद्ध केली. भडक रंगांचे कपडे घातलेली माणसं लिफ्टमधून बाहेर येतात, गुलाबी खडकाळ प्रदेश दिसतो, कुणाच्या तरी हातात घण असतो. फिल्म संपते आणि मग लक्षात येतं की गाडी कुठेच दिसली नाही. नावाची अक्षरंही बदललेली होती, कॅपिटल आणि स्मॉल एकमेकांत मिसळलेली. तुम्ही गाड्या विकता का, असं ईलॉन मस्क यांनी जाहीरपणे विचारलं. काही दिवसांतच ही जगातल्या सगळ्यात जास्त चर्चेतल्या जाहिरातींपैकी एक झाली, आणि त्यातली बहुतेक चर्चा नाराजीची होती.

लोकांचा प्रश्न साधा होता. एवढं मोठं नाव असताना हा उद्योग कशासाठी? आणि बदलायचंच होतं तर असं का?

प्रश्न एकट्या जग्वारचा नाही. जुना झालेला प्रत्येक मोटार ब्रँड कधी ना कधी या वळणावर येतो. काही जण त्यातून तरतरीत होऊन बाहेर पडतात, काही जण कायमचे मिटतात. फरक कशामुळे पडतो, ते समजून घेण्यासाठी आधी एक गोष्ट बघू: गाडीची ओळख असते तरी कुठे?

अक्षराचं वळण

ओळखीच्या माणसाची चिठ्ठी हातात आली की सही वाचायच्या आधीच कळतं ती कुणाची. त्याने पेन बदललं असेल, शाई बदलली असेल, घाईत खरडलेलं असेल, तरी अक्षराचं वळण लपत नाही. मोटार ब्रँडची ओळखही अशीच वळणात असते. एखादा दिवा किंवा एखादी जाळी म्हणजे ओळख नव्हे.

हे वळण सगळ्यात आधी गाडीच्या प्रमाणात दिसतं. गाडी बाजूने बघा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या दारापर्यंत किती अंतर आहे? जुन्या काळात मोठं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं जायचं आणि ताकद मागच्या चाकांना दिली जायची. त्यामुळे हे अंतर मोठं असायचं आणि बॉनेट लांब. १९६१ च्या जग्वार ई-टाइपचं ते प्रसिद्ध लांबलचक नाक केवळ शोभेचं नव्हतं, त्याखाली सहा सिलिंडर एका रांगेत बसले होते. पुढे लोकांच्या डोळ्यांनी गणित बांधून टाकलं: लांब नाक म्हणजे ताकद, म्हणजे ऐट. इंजिन आडवं बसवलेल्या छोट्या गाड्यांत हेच अंतर कमी होतं आणि आतली जागा वाढते. १९५९ च्या मिनीचं वळण त्यातून आलं. चारही चाकं अगदी कोपऱ्यांत, गाडी जेमतेम तीन मीटर लांब, तरी चार माणसं आत.

मग येतो चेहरा. हेडलाइट, मधली जाळी म्हणजे ग्रिल, आणि त्यांची मांडणी. माणसाला कशातही चेहरा दिसतो, ढगात दिसतो, भिंतीवरच्या डागात दिसतो, मग दोन दिवे आणि मध्ये तोंड असलेल्या वस्तूत तर दिसणारच. रात्री मागून येणारी गाडी आरशात दिसते तेव्हा तिचा रंग, आकार काहीही कळत नाही. फक्त दिव्यांची नक्षी दिसते आणि तेवढ्यावरून आपण ती ओळखतो. दिवसा जळणारे दिवे २०११ पासून युरोपात नव्या मॉडेलांना सक्तीचे झाले. नियम सुरक्षिततेसाठी होता, पण डिझायनरांनी त्यातून ब्रँडची सही घडवली. व्हॉल्वोचा आडव्या हातोड्यासारखा दिवा २०१४ मध्ये एक्ससी९० वर आला, आणि आज तो लांबूनही ओळखू येतो.

चेहरा बदलणं सोपं, हाडं बदलणं अवघड

‘फेसलिफ्ट’ हा शब्द कानावर पडतो. गाडी बाजारात येऊन तीन-चार वर्षं झाली की कंपनी तिचे बंपर, दिवे आणि जाळी बदलते. दरवाजे आणि छप्पर मात्र बहुधा तसेच राहतात. कारण पैशाचं आहे. दार किंवा छप्पर हे पोलादी पत्र्यातून साच्यांवर दाबून काढतात, आणि ते अवाढव्य साचे पुन्हा घडवणं भयंकर खर्चिक असतं. बंपर प्लास्टिकचा असतो, दिवा उघडून दुसरा लावता येतो. म्हणून फेसलिफ्ट म्हणजे नवे कपडे आणि नवी केशरचना, माणूस तोच.

हाडं बदलायची तर प्लॅटफॉर्म बदलावा लागतो. प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा: चाकांमधलं अंतर, इंजिन किंवा बॅटरीची जागा, बसणाऱ्याची उंची. एकच सांगाडा अनेक मॉडेलांत, कधी अनेक ब्रँडांत वापरला जातो. खर्च वाटला जावा म्हणून ते गरजेचंच असतं, पण ब्रँडची ओळख बहुतेक वेळा इथेच हरवते, कारण उसन्या सांगाड्यावर स्वतःचं वळण उमटवणं फार कठीण.

संगणक आले तरी हे वळण अजूनही हाताने तपासलं जातं. स्टुडिओमध्ये फोमच्या ढाच्यावर खास औद्योगिक क्ले चढवतात. ती ओव्हनमध्ये तापवून मऊ केलेली असते, थंड झाली की घट्ट होते. मग कारागीर धारदार पात्याने तिचे पातळ पातळ पापुद्रे काढत जातो. आकार बसला की त्यावर चकचकीत फिल्म ताणून लावतात आणि छतावरच्या दिव्यांचं प्रतिबिंब बघतात. दिव्याची रेघ पत्र्यावरून सरळ वाहत गेली पाहिजे. ती मध्येच कचरली किंवा तुटली की तिथे पृष्ठभाग बिघडला असं समजायचं आणि मिलिमीटरभर क्ले पुन्हा खरवडायची. रस्त्यावर एखादी गाडी का कोण जाणे, महागडी वाटते. त्याचं उत्तर पुष्कळदा या रेघेत असतं.

पण चांगलं चाललेलं बदलायचंच कशाला?

कारण पुष्कळदा ते चांगलं चाललेलं नसतं. २०१८ मध्ये जग्वारने जगभरात सुमारे १ लाख ८० हजार गाड्या विकल्या होत्या. २०२३-२४ या आर्थिक वर्षात आकडा ६७ हजारांच्या आसपास आला. नाव सगळ्यांना आवडतं, गाडी मात्र कुणी घेत नाही, अशी ही अवस्था. रस्त्यात थांबवून कौतुक करणारे खूप असतात, पण कारखाना चालतो तो गाडी घेणाऱ्यांवर.

जग्वारने याआधी नेमकी उलटी चूकही केलेली आहे. २००३ मध्ये बाजारात आलेल्या एक्सजेची बॉडी जवळपास पूर्ण ॲल्युमिनियमची होती, त्या काळाच्या मानाने मोठी झेप. पण बाहेरून ती १९६८ च्या पहिल्या एक्सजेची थोडी फुगलेली आवृत्ती दिसत होती. आतली नवलाई बाहेर कुणाला कळलीच नाही. मला वाटतं, वारशाच्या ओझ्याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण: अभियंत्यांनी भविष्य बनवलं आणि त्यावर भूतकाळाचं झाकण घातलं.

आणि परंपरा म्हणून जे जपायचं म्हणतात, तेही कधीतरी बदलातूनच आलेलं असतं. १९२२ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी मोटरसायकलच्या साइडकार बनवायची. पुढे तिचं नाव एसएस कार्स झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ती दोन अक्षरं हिटलरच्या दलाची आठवण करून देऊ लागली, म्हणून १९४५ मध्ये कंपनीने स्वतःच्याच एका मॉडेलचं नाव घेतलं. ते नाव जग्वार.

लोगो बदलला की काम झालं का?

नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फोक्सवॅगनने २०१९ मध्ये, बीएमडब्ल्यूने २०२० मध्ये, रेनो आणि प्युजोने २०२१ मध्ये आपापले उठावदार, चमकणारे लोगो सपाट केले. फोनच्या छोट्या पडद्यावर सपाट चिन्ह स्वच्छ दिसतं, एवढंच साधं कारण. त्यात गैर काही नाही. प्युजोचा सिंह १८५८ मध्ये नोंदवला गेला तेव्हा तो करवतीच्या पात्यांवरची खूण होता, तेव्हापासून त्याने कितीदा रूप बदललं. पण चिन्ह म्हणजे पाटी. दुकानात माल काय आहे, ते पाटी ठरवत नाही.

कॅडिलॅकने हे उलट्या बाजूने शिकून घेतलं. १९८० च्या सुमाराला लहान युरोपीय गाड्यांना तोंड द्यायचं म्हणून जनरल मोटर्सने स्वस्तातल्या शेव्हरोले कॅव्हलिअरचाच सांगाडा घेतला, त्यावर चामड्याच्या सीट आणि कॅडिलॅकचं चिन्ह लावलं आणि ‘सिमरॉन’ नावाने विकायला काढली. एका ब्रँडच्या गाडीवर दुसऱ्याचं चिन्ह लावण्याच्या या प्रकाराला ‘बॅज इंजिनिअरिंग’ म्हणतात. नाव मोठं लक्षण खोटं, हे गिऱ्हाइकाला शोरूममध्येच दिसलं. १९८८ मध्ये ती गाडी बंद झाली, डाग मात्र खूप वर्षं राहिला.

ओल्ड्समोबिलची गोष्ट जास्त चटका लावणारी. १८९७ चा हा अमेरिकी ब्रँड १९८० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला १० लाखांहून जास्त गाड्या विकत होता. गिऱ्हाईक म्हातारं होतंय हे ओळखून १९८८ मध्ये त्यांनी जाहिरात काढली, आशय असा की ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबिल नाही. तरुणांनी शोरूममध्ये येऊन पाहिलं तर गाडी वडिलांचीच वाटत होती. आणि ज्या वडिलांनी आयुष्यभर हीच गाडी घेतली, त्यांना वाटलं आपल्याला दार दाखवलं. तेलही गेलं, तूपही गेलं. पुढे ऑरोरा नावाची खरोखर देखणी गाडी आली, पण तिच्या बाहेरच्या बाजूला ओल्ड्समोबिल हे नाव ठळकपणे लावलेलंच नव्हतं. कंपनीलाच आपल्या नावाचा संकोच वाटू लागला, तिथे दुसऱ्याने ते का मिरवावं? २००० पर्यंत विक्री ३ लाखांच्या खाली गेली, २००४ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली.

दोन्ही गोष्टींत चुकला तो क्रम. आधी गाडी बदलायची, मग तिचा चेहरा, आणि सगळ्यात शेवटी पाटी. व्हॉल्वोने हे जपलं. १९७४ ते १९९३ या काळातली त्यांची ‘२४०’ ही गाडी इतकी चौकोनी होती की खोकं हीच ओळख होऊन बसली. पण गिऱ्हाइकाच्या मनात खोक्याच्या आत एक गोष्ट होती: ही गाडी जीव वाचवते. तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट १९५९ मध्ये व्हॉल्वोनेच आणला होता. मुख्य डिझायनर पीटर हॉरबरी यांच्या हाताखाली १९९० च्या दशकात खोकं गोलसर झालं, काचेखालचे भक्कम खांदे मात्र राहिले. १९२७ च्या पहिल्या गाडीवर चिन्ह अडकवायला जाळीवरून तिरकी पट्टी मारली होती, तीही आजतागायत आहे. आकार गेला तरी भरवसा टिकला, म्हणून व्हॉल्वो व्हॉल्वोच वाटत राहिली.

मग सरळ जुनीच गाडी पुन्हा का काढत नाहीत?

काढतात, आणि ती पहिली दोन वर्षं धडाक्यात खपतेही. फोक्सवॅगनची न्यू बीटल १९९७-९८ मध्ये आली तेव्हा लोक हरखून गेले. पण मूळ बीटलचं इंजिन मागे होतं, नवी गाडी कंपनीच्याच गोल्फ या मॉडेलच्या सांगाड्यावर उभी होती आणि इंजिन पुढे. आकार होता, आकाराचं कारण नव्हतं. आठवण विकून झाली की पुढचं मॉडेल कसं काढायचं हा प्रश्न उरतो, कारण आठवणीची सुधारित आवृत्ती निघत नाही. २०१९ मध्ये बीटल थांबली. फोर्डची जुन्या वळणाची थंडरबर्ड तर तीन-चार वर्षांतच आटोपली.

मिनी मात्र तगली. २००१ ची बीएमडब्ल्यूच्या मालकीची मिनी मूळ गाडीपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त लांब होती, जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. पण चाकं कोपऱ्यांत होती आणि गाडी वळणावर तशीच चपळ होती, म्हणजे आकाराचं कारणही सोबत आलं होतं. त्यातून मग आणखी मॉडेलं काढून मिनीचं कुटुंब वाढवता आलं.

या प्रकारातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण २०२४ मध्ये बाजारात आलेल्या इलेक्ट्रिक रेनो ५ चं. १९७२ च्या रेनो ५ च्या पुढच्या मॉडेलांत बॉनेटवर एका बाजूला हवेसाठी छोटी चौकोनी जाळी होती. विजेच्या गाडीला तिची गरज नाही. डिझायनरांनी त्याच जागी, त्याच आकारात बॅटरी किती भरली ते दाखवणारा दिवा बसवला. जुनी खूण राहिली आणि तिला नवं काम मिळालं.

चाहते चिडतात, ते चुकतात का?

कधी चुकतात, कधी नाही. ओळखायचं कसं, हा सगळ्यात कठीण भाग.

पोर्शे ९११ चे गोल दिवे १९६३ पासूनचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बुडायच्या बेतात होती. वाचण्यासाठी तिने स्वस्तातली बॉक्सस्टर आणि १९९७ ची नवी ९११ यांचं पुढचं बरंचसं अंग एकच ठेवलं. गोल दिव्याला इंडिकेटर चिकटला आणि आकार असा ओघळला की लोक त्याला ‘तळलेलं अंडं’ म्हणू लागले. शिवाय या पिढीत हवेने थंड होणारं इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारं आलं. चाहते दोन्हींवर चिडले. काळाने निवाडा वेगवेगळा दिला. पाण्याचं इंजिन राहिलं, कारण प्रदूषणाचे नियम आणि ताकद, दोन्हींसाठी ते लागत होतं. दिवे मात्र २००४ मध्ये पुन्हा गोल झाले. जीपचंही तेच. १९८७ च्या रँग्लरला चौकोनी दिवे लावले, ओरड झाली, १९९७ च्या मॉडेलला गोल दिवे परतले.

आता उलटा दाखला. २००१ मध्ये मुख्य डिझायनर ख्रिस बँगल यांच्या नेतृत्वाखाली बीएमडब्ल्यूची नवी ७ सीरिज आली, मागची डिकी वेगळीच बसवल्यासारखी उंच. बँगल यांना काढून टाका म्हणून इंटरनेटवर अर्ज फिरला, हजारोंनी सह्या केल्या. गाडी चांगली खपली, आणि तशी उंच डिकी पुढे इतरांच्या गाड्यांवरही दिसू लागली. डोळ्यांना खुपलेलं हळूहळू अंगवळणी पडलं.

यातून मला दिसतं ते असं. बदल गाडी सुधारण्यासाठी असेल तर राग कालांतराने ओसरतो. तो कंपनीच्या सोयीसाठी, पैसे वाचवण्यासाठी ओळखीच्या खुणेवर केला असेल, तर ओसरत नाही, कारण लोकांना तो न सांगताही कळतो. पोर्शेने २००२ मध्ये केयेन नावाची एसयूव्ही आणली तेव्हा धर्म बुडाल्यासारखा कल्लोळ झाला होता. आज पोर्शेच्या निम्म्याहून जास्त गाड्या एसयूव्ही असतात, आणि त्याच पैशावर ९११ जिवंत आहे.

विजेच्या गाडीला नाक कशाला?

तसं बघितलं तर नकोच. ग्रिल होती रेडिएटरला हवा मिळावी म्हणून. इलेक्ट्रिक गाडीला तेवढी हवा लागत नाही, उलट बंद तोंडाने वारा कमी अडतो आणि एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त पळते. बीएमडब्ल्यूच्या दोन मूत्रपिंडांसारख्या जाळ्या १९३३ पासूनच्या. २०२० च्या ४ सीरिजवर त्या प्रचंड उभ्या झाल्या आणि टीका झाली. २०२५ च्या इलेक्ट्रिक आयएक्स३ वर त्या अरुंद झाल्या, कडेने उजळू लागल्या. या नव्या पिढीला कंपनीने ‘नॉय क्लास’ हे नाव दिलं, १९६० च्या दशकात तिला बुडण्यापासून वाचवणाऱ्या मालिकेचं.

खरी अडचण बॅटरीची आहे. ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे आसनं आणि छप्पर वर जातात, आणि गाडी जाडजूड दिसते. ती जाडी लपवायला चाकं मोठी करतात, खालच्या पट्ट्या काळ्या ठेवतात. इंजिनच नाही म्हटल्यावर नाक आखूडही करता येतं, लांबही. शंभर वर्षं यंत्र जे ठरवत होतं ते आता डिझायनरला ठरवायचं आहे, आणि ही मोकळीकच त्याची परीक्षा घेते.

मग जग्वारचं काय?

फिल्मनंतर दोनच आठवड्यांत, डिसेंबर २०२४ मध्ये, मायामीत ‘टाइप ००’ ही संकल्पना गाडी दाखवली गेली. संकल्पना गाडी म्हणजे विक्रीसाठी नसलेला नमुना. गुलाबी आणि निळा असे दोन रंग, मागे काचच नाही. गदारोळात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही: गाडी विजेवरची आहे, तरी तिचं बॉनेट लांबच लांब आहे, केबिन मागे सरकलेली, छप्पर ठेंगणं. ई-टाइपचा एकही अवयव घेतलेला नाही, प्रमाण मात्र तिथलंच आहे. म्हणजे वळण जपायचा प्रयत्न आहे. फसला तो क्रम. लोकांना पाटी आधी दिसली आणि गाडी नंतर, तीही नमुना म्हणून. दरम्यान ब्रिटनमधली नव्या जग्वारची विक्री थांबवलेली होती, त्यामुळे ज्याला विश्वास ठेवायचा होता त्याला हात लावून बघायलाही काही नव्हतं.

या वळणाची विक्रीची गाडी चार दारांची असणार आहे. ती प्रत्यक्ष समोर येईल तेव्हा तिच्या पुढे उभं राहून जाळी आणि अक्षरं न्याहाळू नका. बाजूला या, थोडे मागे सरका, नावावर हात धरा आणि पुढच्या चाकापासून दारापर्यंतचं अंतर बघा. नमुन्यातलं ते अंतर नियम, खर्च आणि मागे बसणाऱ्यांच्या पायांना लागणारी जागा यांतून शिल्लक राहिलं आहे का, तेवढं एका नजरेत कळेल.